बोलणाऱ्या बरण्या

गाळपाच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, आणि तरी कुणी ‘सरका जरा’ म्हणत नव्हतं. इतकी माणसं इतकी गप्प उभी राहिलेली शिंपिणीने आजवर एकदाच पाहिली होती, गेल्या वर्षी तिचे सासरे गेले तेव्हा, स्वतःच्याच अंगणात.

मधल्या लांब टेबलावर काचेच्या बरण्या मांडल्या होत्या. प्रत्येक घराची एक. तोंडाला फडकं बांधलेलं, आत चुरडलेल्या रानद्राक्षांचा दाट जांभळा रस. साली वर तरंगत होत्या आणि त्यांच्या कडेने फेस चढत होता. बरणीखाली चूल नाही, निखारा नाही, तरी आतला रस बुडबुड करत होता.

वेलमहाराज पहिल्या बरणीला कान लावून वाकले होते. पांढरी दाढी काचेवर पसरली होती. डोळे मिटलेले.

“बोलते,” ते हळूच म्हणाले. “बेकरीवाल्या, तुझी बरणी बोलते. विस्तवाशिवाय उकळी फुटली, ती कुणामुळे? वेलीमुळे. आणि वेल कुणाशी बोलते? ज्याच्या घरात पाप नाही त्याच्याशी. जा, तुझं घर शुद्ध आहे.”

बेकरीवाल्याने कपाळावरचा घाम पुसला आणि तो बायकोकडे पाहून असा हसला, जणू फाशीच्या दोरातून मान काढून आला आहे.

खरं सांगायचं तर त्या गावात बरण्या आजोबा-पणजोबांच्या काळापासून बोलत होत्या. फक्त त्यांना कुणी साक्षीला बोलावलं नव्हतं. दर वर्षी थंडीच्या तोंडावर सगळं गाव रानाच्या कडेला जायचं, झाडांवर चढलेल्या वेलींवरून रानद्राक्षं तोडायचं आणि घरोघरी वाइन घालायचं. तोडताना निम्मी तोंडात जायची, कडू लागली की थुंकायची, आणि संध्याकाळी लहानथोर सगळे जांभळ्या ओठांनी परतायचे.

गेल्या वर्षी महाराज आले आणि त्यांनी दोन नियम घातले. एक, वेलीची सगळी पानं गळून ती झोपी गेल्याशिवाय घडाला हात लावायचा नाही. दोन, तोडताना एकही द्राक्ष तोंडात टाकायचं नाही. वेलीचं दान उष्टं करणं हे महापाप. गावाला नियम आवडले. नियम पाळला की आपण काहीतरी मोठं करतो आहोत असं वाटतं, आणि त्याला कष्टही फारसे पडत नाहीत.

एकटे शिंपिणीचे सासरे भांडले होते. “न चाखता तोडायचं म्हणजे डोळे मिटून रस्ता ओलांडायचा,” ते म्हणाले होते. कुणी ऐकलं नाही. मग पहिल्या पेल्याचा दिवस आला, तिसऱ्या दिवसाची कच्ची, फसफसती वाइन घरोघरी प्यायली गेली, आणि संध्याकाळपर्यंत अर्धं गाव ओकत होतं. सासरे म्हातारे, आणि पहिला पेला भरभरून घेणारे. त्यांनी सकाळ पाहिली नाही.

महाराजांनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं, की कुठल्यातरी घराने नियम मोडला. पुढच्या वर्षी बरण्याच नाव सांगतील.

ते पुढचं वर्ष आज होतं. तीन दिवसांपूर्वी, रस ओतण्याआधी, महाराजांनी याच शेडमध्ये प्रत्येक घराची बरणी धूप देऊन शुद्ध केली होती, आणि शिंपिणीला तेव्हा जोराचा ठसका लागला होता.

महाराज एकेका बरणीपाशी वाकत होते. सुतार, बोलते. पोस्टमन, बोलते. लाकूडवाल्याची बरणी तर इतकी बोलत होती की फडक्यातून फेस बाहेर आला. लाकूडवाल्याच्या बायकोने इकडेतिकडे पाहिलं, सगळ्यांनी पाहिलं ना याची खात्री करून घेतली.

शिंपिणीचा हात तिच्या मुलीच्या खांद्यावर होता. मुलगी आठ वर्षांची. गालात सतत काहीतरी भरलेलं असायचं म्हणून सगळे तिला खारू म्हणत. आज तिचे गाल रिकामे होते. पलीकडे नवरा उभा होता, स्वतःच्या बुटांकडे बघत.

शेवटची बरणी त्यांची होती. ती हलत नव्हती. फेस नाही, बुडबुडा नाही. आणि आतला रस बाकीच्यांसारखा जांभळा नव्हता. धुऊन धुऊन विटलेल्या कापडासारखा, फिक्या गुलाबी रंगाचा.

महाराजांनी कान लावला. बराच वेळ लावला. मग सरळ झाले.

“मुकी,” ते म्हणाले. “आणि बघा, भीतीने रक्तसुद्धा उडालंय तिचं.”

गर्दी एक पाऊल मागे सरकली. पाऊल एकच, पण सगळ्यांनी मिळून टाकलेलं. शिंपिणीच्या भोवती एकदम मोकळी जागा झाली.

“मी म्हणतच होते,” लाकूडवाली म्हणाली. “हिच्याकडून शिवून आणलेला झगा अंगात घातला की जड जड वाटायचा.”

“जड वाटायचा कारण तुम्ही दर महिन्याला कंबर वाढवून घेता, वहिनी,” मागून कुणीतरी म्हणालं, पण हसलं कुणी नाही.

शिंपिणीला माहीत होतं. रानाच्या कडेला तोडणी चालली असताना खारू पुढे पळत होती आणि एकेका वेलीपाशी थांबून सांगत होती, “आई, ही घे. आई, ही नको, ही कडू आहे.” कडू आहे हे तुला कसं कळलं, असं आईने विचारलं नव्हतं. घरी येण्याआधी पदराच्या टोकाने तिचे जांभळे ओठ तेवढे पुसले होते. खरखरून, लाल होईपर्यंत.

म्हणजे महाराज खरं बोलत होते. नियम मोडला होता, आणि तो तिच्याच घरात मोडला होता. मग गेल्या वर्षीही मोडला असेल का? सासरे तिच्याच पोरीमुळे गेले का?

“शिक्षा मी देत नाही,” महाराज म्हणाले. त्यांचा आवाज फार मऊ होता. “मी कोण? वेलच सांगते. उद्या सूर्य मावळायच्या आत या नवराबायकोने गाव सोडावं. घराला कुलूप लागेल. मुलगी अजून कोवळी आहे, तिचं शुद्धीकरण होऊ शकतं. ती माझ्याकडे राहील. सेवा करील. मोठी होईपर्यंत आईबापांचं तोंड पाहणार नाही.”

खारूने आईच्या कमरेला मिठी मारली. शिंपिणीने नवऱ्याकडे पाहिलं. तो बुटांकडेच बघत होता.

“आणि आता,” महाराज पुढे म्हणाले, “शुद्ध घरांनी आपापला पहिला पेला भरावा.”

पेले भरले जाऊ लागले. तेवढ्यात दाराजवळून काठीचा ठक ठक आवाज आला आणि गर्दी आपोआप दुभंगली. त्या शिंपिणीच्या नवऱ्याच्या आत्याबाई होत्या, वारलेल्या सासऱ्यांची धाकटी बहीण. शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण शेडमधल्या निम्म्याहून जास्त लोकांना त्यांनी अक्षरं गिरवायला शिकवलं होतं, त्यामुळे त्यांना पाहिल्यावर ते अजूनही हात मागे बांधत.

“बाई, तुम्ही कशाला आलात थंडीत,” बेकरीवाला म्हणाला.

“माझ्या भावाचा खुनी सापडला म्हणे. बघावं म्हटलं.” आत्याबाईंनी शिंपिणीकडे पाहिलं नाही. सरळ मुक्या बरणीपाशी गेल्या, फडकं सोडलं आणि नाक आत घातलं. मग म्हणाल्या, “महाराज, माझंही शुद्धीकरण करा. म्हातारी झाले, पापं साठलीत.”

महाराज हसले. “अवश्य, माताजी.” त्यांनी पितळी वाटीतला धूप पेटवला. गोड, डिंकासारखा वास पसरला.

“हा नाही,” आत्याबाई म्हणाल्या. “बरण्या शुद्ध केल्या तेव्हा माझ्या सुनेला ज्याचा ठसका लागला, तो.”

“धूप एकच असतो, माताजी. ठसका लागला तो पाप बाहेर पडताना.”

“नाही हो,” बेकरीवाल्याची बायको चटकन म्हणाली आणि मग आपण बोललो याचंच तिला नवल वाटलं. “आमच्या बरणीला पितळी वाटी होती. यांच्या बरणीला काळी. मी मागेच उभी होते.”

“काळी वाटी पापी घरासाठी.”

“घर पापी आहे हे बरणी मुकी झाल्यावर कळलं,” आत्याबाई म्हणाल्या. “वाटी तर त्याच्या तीन दिवस आधी वापरली. एवढ्या लवकर कसं कळलं तुम्हाला?”

महाराजांच्या झोळीवर पाच-पन्नास नजरा खिळल्या.

“बाईंनी मागितलंय, महाराज,” बेकरीवाला म्हणाला आणि त्याने झोळीत हात घातला. महाराजांनी त्याचं मनगट धरलं. बेकरीवाला रोज मणभर कणीक मळणारा माणूस. त्याने मनगट नुसतं वर उचललं. हातात काळी वाटी आली, आणि वाटीत पिवळे खडे.

आत्याबाईंनी एक खडा पेटवला. ज्योत निळी. वास नाकाला झोंबणारा, काडी पेटवल्यासारखा, पण शंभरपट. पुढची रांग खोकू लागली.

“बघा, किती पापी माणसं आहेत इथे,” आत्याबाई म्हणाल्या. “सगळी बाहेर पडतायत.”

मग त्यांनी आपला पांढरा रुमाल बेकरीवाल्याच्या बरणीत बुडवला. तो गर्द जांभळा होऊन वर आला. एक रिकामी बरणी त्या जळत्या खड्यावर पालथी धरली, धूर आत कोंडला आणि ओला रुमाल त्यात टाकून वर ताटली ठेवली. सगळे वाकून बघू लागले. जांभळा रंग कडेकडेने उतरू लागला. थोड्या वेळाने रुमाल फिक्कट गुलाबी झाला होता, शिंपिणीच्या बरणीतल्या रसासारखा.

“या रुमालाने कुठलं पाप केलं?” तो बाहेर काढत आत्याबाईंनी विचारलं. “परवाच धुतलाय मी.”

बेकरीवाला टाळूवर हात फिरवत म्हणाला, “बाई, तुम्ही शाळेत लाल गुलाब पांढरा करून दाखवायचात. असाच.”

“दाखवायचे. तू मागच्या बाकावर झोपलेला असायचास, तरी लक्षात राहिलं म्हणजे कमाल आहे. काय होतं ते?”

“गंधक.”

“गंधक. आता ऐका. द्राक्षाच्या सालीवर डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव बसलेले असतात. यीस्ट. तुझी कणीक फुगवतात त्यांचेच भाऊबंद. ते रसातली साखर खातात, तिची दारू करतात आणि वायू सोडतात. त्या वायूचे हे बुडबुडे. पाव फुगला म्हणून तुझ्या बेकरीत कधी देव शिरला होता का? आणि गंधकाचा धूर कोंडलेल्या बरणीत रस ओतला, की हे जीव मरतात नाहीतर निपचित पडतात. बरणी मुकी होते. रंग उडतो. माझ्या सुनेची बरणी पापाने मुकी झालेली नाही. तिचं तोंड दाबलंय.”

शिंपिणीला मात्र आतून एक गोष्ट सुटत नव्हती. बरणीचं कोडं उलगडलं, सासऱ्यांचं काय?

महाराजांनी तीच फट नेमकी हेरली. “ठीक आहे,” ते दाढी कुरवाळत म्हणाले. “म्हातारी हुशार आहे. पण गेल्या वर्षी माणूस मेला, तो कशाने मेला? गंधकाने? विचारा तुमच्या बाईंना. त्या पोरीला विचारा, तिने द्राक्षं उष्टी केली का. तिच्या आईला विचारा.”

सगळ्यांच्या माना वळल्या. शिंपिणीने खारूला पाठीशी घेतलं.

“मी खाल्ली,” खारू म्हणाली.

शेडमध्ये कुजबूज उसळली. लाकूडवालीने छातीवर हात ठेवला. महाराजांच्या चेहऱ्यावर हसू पसरू लागलं.

“पण कडू होती ती मी थुंकली,” खारू घाईघाईने पुढे म्हणाली. तिला वाटलं यामुळे शिक्षा कमी होईल. “ती द्राक्षं नसतातच. त्यांच्यात एकच बी असते, चपटी, चंद्रासारखी वाकडी. ह्यासारखी.” आणि तिने रुमालाला चिकटलेली एक बी नखाने काढून आत्याआजीच्या तळहातावर ठेवली.

रुमाल बेकरीवाल्याच्या बरणीत बुडवलेला होता.

आत्याबाईंनी ती बी उजेडात धरली. त्यांचा चेहरा पांढरा पडला. इतका वेळ त्या वर्गात असल्यासारख्या बोलत होत्या. आता त्यांचा आवाज खाली गेला, आणि म्हणून सगळ्यांना जास्त ऐकू आला.

“पेले खाली ठेवा,” त्या म्हणाल्या. “कुणी प्यायलंय का? एक घोटसुद्धा?”

कुणी प्यायलं नव्हतं. पोस्टमनने ओठापर्यंत नेलेला पेला टेबलावर ठेवला.

आत्याबाईंनी गाळण मागवलं. बेकरीवाल्याची बरणी त्यांनी तळापर्यंत ढवळली आणि गाळणात आलेल्या बिया ताटलीत पसरल्या. बहुतेक बिया लहान, जाड, एका टोकाला निमुळत्या, थेंबाच्या आकाराच्या. आणि त्यांच्यात मधून मधून, उंदराच्या नखासारख्या, चपट्या वाकड्या कोरी. मग सुताराची बरणी. तिच्यातही. पोस्टमनची. तिच्यात तर मूठभर. शेवटी मुकी बरणी उपसली. एकही कोर नाही.

“जुनी माणसं हिला खोटवेल म्हणायची,” आत्याबाई म्हणाल्या. “घड तसेच, रंग तोच, सालीवर तशीच पांढरट पूड. फळ विषारी. आंबवल्याने विष जात नाही. पानं असताना ओळखायला सोपी. द्राक्षाच्या पानाची कड करवतीसारखी दातेरी असते, हिची गुळगुळीत. द्राक्षवेलीला फांदीला पकडायला दोन बोटांचे, गुंडाळलेले ताणे असतात. हिला ताणे नाहीत, ही स्वतःच झाडाला विळखे घालत चढते. पण पानं गळून जाऊ द्या म्हणजे काय उरतं ओळखायला? चव आणि बी. आणि तुम्हाला सांगितलं गेलं, चाखायचं नाही.”



“माझा भाऊ उष्ट्याने गेला नाही. उष्टं न केल्याने गेला.”

हे कळायला गर्दीला थोडा वेळ लागला. मग बेकरीवाल्याची बायको खाली बसली. तिने आपल्या धाकट्याचा पेला स्वतःच्या हाताने भरला होता.

“आणि ज्याने नियमावर शंका घेतली,” आत्याबाई महाराजांकडे वळल्या, “त्याच्याच घराची बरणी मुकी करायची. म्हणजे उद्या कुणी विचारू नये, की माणूस मेला तो नियम आल्यावरच कसा.”

महाराज डगमगले नाहीत. अशी माणसं डगमगत नाहीत, एवढंच त्यांचं खरं सामर्थ्य. “वेल रुसली आहे,” ते म्हणाले. “अविश्वासाच्या हवेत ती बोलत नाही. ज्यांना वाचायचं आहे त्यांनी माझ्यामागे यावं.” आणि ते दाराकडे चालू लागले. नवल हे, की त्यांच्यामागे माणसं गेली. फार नाहीत, पण गेली, खाली मान घालून, कुणाकडे न बघता. शिंपिणीने लाकूडवालीला पाहिलं. तिची बरणी तपासायची राहिली होती. ती तिने शालीखाली घेतली होती.

मागे उरलेल्यांनी बरण्या बाहेरच्या चरात ओतल्या. बेकरीवाल्याने पहिली ओतली. नवरा शिंपिणीजवळ आला आणि म्हणाला, “मी काहीतरी बोलायला हवं होतं.” ती म्हणाली, “हो.” त्यापेक्षा जास्त काही बोलायला तिला त्या वेळी सवड नव्हती. ती खारूचा हात धरून निघाली होती.

“कुठे?” आत्याबाईंनी विचारलं.

“लाकूडवाल्यांकडे.”

आत्याबाईंनी मान डोलावली. “लवकर जा.”

गल्ली रिकामी होती. चरातून जांभळं पाणी वाहत होतं आणि घरोघरच्या खिडक्यांचे पडदे ओढलेले होते. एका पडद्यामागून कुणीतरी त्या दोघींना जाताना पाहिलं आणि पडदा पुन्हा सरळ केला. लाकडाच्या वखारीमागच्या दारावर शिंपिणीने थाप मारली. मग पुन्हा मारली. दार वीतभर उघडलं.

“तू?” लाकूडवाली म्हणाली. “अजून तोंड दाखवायची हिंमत आहे?”

“वहिनी, बरणी पिऊ नका.”

“महाराजांनी सांगितलंय. प्रायश्चित्त म्हणून घरातल्या सगळ्यांनी एकेक पेला. मुलांनीसुद्धा. माझी बरणी बोलत होती, सगळ्या गावाने ऐकलंय. तुझी मुकी होती.”

“माझी मुकी होती.”

“मग मी तुझ्यावर का विश्वास ठेवू?”

आतून मुलांचा आवाज येत होता, पेल्यांवरून भांडणारा. शिंपिणीने दारावर तळहात ठेवला.

“ठेवू नका,” ती म्हणाली. “माझ्यावर नको, बाईंवर नको, महाराजांवर तर नकोच. विश्वास ठेवा म्हणून सांगायला मी आलेच नाही. एक पळी घ्या, बरणीच्या तळाशी घाला, काय लागेल ते ताटलीत काढा आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा. चपटी वाकडी बी निघाली नाही, तर माझ्या तोंडावर दार लावा आणि खुशाल प्या. एवढं करायला कुणाला विचारावं लागत नाही, वहिनी.”

लाकूडवाली आत गेली. दार उघडंच राहिलं. काचेवर पळी आपटल्याचा आवाज आला, एकदा, दोनदा. मग ताटली ठेवल्याचा. मग बराच वेळ काहीच नाही.

खारूने आईकडे पाहिलं. आईने तिचा हात घट्ट धरला आणि वाट पाहिली.

आतून मोरीत काहीतरी ओतल्याचा आवाज आला. तो खूप वेळ येत राहिला.